वाचनालयातली चार पुस्तकं कुलपात ठेवायचं चाललंय, काय करावं?

इंदिरानगरची वाचक

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमच्या वसाहतीचं एक छोटं वाचनालय आहे. सभागृहामागची एक खोली, लोखंडी कपाटं, दोन लांब बाकं, संध्याकाळी तेवढं उघडं. सरकारी अनुदान नाही, वर्गणी आणि देणग्यांवर चालतं. मी तिथे देवघेव बघते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम मी मागून घेतलं आणि मनापासून करते, म्हणूनच इथे लिहितेय.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीकडे काही सभासदांनी तोंडी तक्रार केली की आपल्याकडे चार पुस्तकं ‘नको तशी’ आहेत. एक दलित आत्मकथन, कारण त्यात शिव्या आहेत. एक शिवकाळावरचं संशोधनाचं पुस्तक, कारण ‘उगाच वाद कशाला’. एक वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी शरीराची माहिती देणारं. आणि चौथं, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आठवणींचा मराठी अनुवाद. ‘त्याच्यावर तर बंदीच आहे’ असं सभेत ठासून सांगितलं गेलं. मी तिथेच म्हटलं की बंदी नाही. त्या अनुवादाला 6 डिसेंबर 2022 ला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि 12 डिसेंबरला शासन निर्णय काढून तो रद्द केला, एवढंच. पुस्तक आजही विकत मिळतं. पण खोलीत बसलेल्या बहुतेकांच्या मनात ‘बंदी’ हेच बसलं होतं.

ठरलं ते असं: चारही पुस्तकं एका वेगळ्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली चिटणीसांकडे. ज्याला हवं त्याने मागावं, वेगळ्या वहीत नाव आणि वाचण्याचं कारण लिहावं. ‘बंदी कुठे घालतोय? मागणाऱ्याला देणारच आहोत की.’ हे मला सगळ्यांनी समजावलं, अगदी प्रेमाने.

मला हे पटत नाही. आमच्याकडे बारावीची एक मुलगी येते. घरी एकच खोली, म्हणून ती आमच्या बाकावर बसून अभ्यास करते. तिने ते आत्मकथन नेलं, परत केलं आणि पुन्हा नेलं. दुसऱ्या वेळी आईला वाचून दाखवायला. ही मुलगी चिटणीसांच्या दाराची बेल वाजवून, कारण लिहून, किल्ली मागेल? कधीच नाही. नव्याने लग्न होऊन आलेली सून शरीराच्या माहितीचं पुस्तक सासऱ्यांच्या मित्राकडे मागेल? तीही नाही. कुलूप लावलं की ते पुस्तक नेमक्या त्यांच्यासाठीच संपतं ज्यांच्यासाठी ते लिहिलं गेलं. कार्यकारिणीतल्या कोणाला हवं असेल तर तो ऑनलाइन मागवेल, त्याचं काही अडत नाही.

याहून मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. सभेनंतर दोघे जण माझ्याकडे आले आणि देवघेवीची वही दाखवा म्हणाले. ही पुस्तकं आजवर कोणी कोणी नेली ते बघायचं होतं. मी वही दिली नाही. आता सभेत विषय येणार आहे की सभासदाला वही बघण्याचा हक्क आहे.

तर माझे प्रश्न. असं कुलूप लावणं कायद्यात बसतं का? वही दाखवणं मला बंधनकारक आहे का? आणि सभेत मी काय मांडू? माणसं वाईट नाहीत, ओळखीची आहेत, यांच्याच मुलांच्या मुंजींना आणि लग्नांना मी जेवलेय. भांडण नको, पण पुस्तकं मात्र कपाटाबाहेर हवीत.

कोर्टनाका

ताई, मी वकिली करतो, फौजदारी जास्त. कायद्याचं आधी सांगतो.

पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य सरकारचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 98 आहे. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि त्या अधिसूचनेत कारणं द्यावी लागतात. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं (कलम 99), आणि अर्ज तीन न्यायमूर्तींचं विशेष खंडपीठ ऐकतं. हे कलम कागदावरच आहे असं समजू नका. ऑगस्ट 2025 मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृहविभागाने याच कलमाखाली एकदम 25 पुस्तकं सरकारजमा केली.

तुमच्या चारांपैकी शिवकाळावरच्या पुस्तकाचा विषय निघाला की सभेत कोणीतरी जेम्स लेनचं नाव घेणारच. तेव्हा तो घटनाक्रम नीट माहीत असू द्या. हा अमेरिकन अभ्यासक, त्याचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक 2003 चं. आक्षेप आल्यावर प्रकाशकाने नोव्हेंबर 2003 मध्ये भारतातून ते स्वतःच मागे घेतलं. 5 जानेवारी 2004 ला, लेनला मदत केल्याच्या आरोपावरून, पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथांची आणि वस्तूंची मोडतोड झाली. राज्य सरकारची बंदी आली ती त्यानंतर. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तकातला मजकूर मला स्वतःला पटत नाही, त्यातली काही विधानं बेजबाबदार आहेत असं माझं मत आहे. तरीही न्यायालयाने जे विचारलं ते योग्यच होतं: कोणत्या दोन समाजगटांत यामुळे वैर पसरणार, ते सरकारने दाखवावं. सरकारला ते दाखवता आलं नाही.

तुमच्यासाठी त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की न्यायालयात लेखक गेला नव्हता, प्रकाशकही गेला नव्हता. गेले होते संघराज रूपवते, आनंद पटवर्धन यांच्यासारखे लोक, म्हणजे वाचक. आम्हाला हे वाचून आमचं मत बनवू द्या, असं म्हणणारा माणूस न्यायालयापुढे उभा राहू शकतो.

आता कटू भाग. तुमचं वाचनालय खासगी आहे. एखादं पुस्तक ठेवायचं की नाही हे तुमची कार्यकारिणी ठरवू शकते, कायदा तिला थेट अडवत नाही. म्हणूनच हा प्रकार मला सरकारी बंदीपेक्षा जास्त खुपतो. सरकारी बंदीला तारीख असते, कारण असतं, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. तुमच्या कपाटाच्या कुलपाला यातलं काहीच नाही. तेव्हा पहिली मागणी तीच करा: तक्रार लेखी, निर्णय लेखी, कारण लेखी.

वहीचं म्हणाल तर कोणता वाचक काय वाचतो हे बघण्याचा हक्क सभासदाला देणारा कुठलाही कायदा मला माहीत नाही. तुमच्या नियमावलीत तसं कलम असेल तर गोष्ट वेगळी, ती आधी बघा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं. तो मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतो हे खरं, पण शेजाऱ्याने तो पायदळी तुडवावा असा त्याचा अर्थ होत नाही. वही दिली नाहीत ते बरोबरच केलंत.

निफाडकर ग्रंथपाल

मी एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कपाटातलं सांगतो.

ताई, वाचनालयातून पुस्तक नाहीसं होतं ते ठरावाने नाही. ते बांधणीला जातं. ‘बाइंडिंगला दिलंय’ म्हणून वर्षभर सांगतात, पुढे विचारणाराच थकतो. किंवा कोणीतरी मोठा माणूस नेतो आणि परत करत नाही, त्याला स्मरणपत्र पाठवायची कोणाची छाती होत नाही. किंवा जीर्ण झालं म्हणून निर्लेखनाच्या यादीत घुसवतात. निर्लेखन हे चांगलं, आवश्यक काम आहे, पानं सुटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं काढावीच लागतात. पण धडधाकट पुस्तक त्या यादीत दिसलं की समजावं, हात दुसऱ्याचा आहे. आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे पुस्तक मुळात विकतच न घेणं. त्याची नोंद कुठेही होत नाही. दुकानदाराची यादी येते, कोणीतरी पेन्सिलने एका नावावर काट मारतो, विषय संपला. माझ्या नोकरीत मी हे चारही प्रकार पाहिलेत.

म्हणून तुमचं हत्यार दाखल नोंदवही. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुढच्या पडताळणीत त्या चार क्रमांकांसमोर पुस्तक हजर आहे की नाही, हे सभेपुढे वाचून दाखवा. कुलूप लावायचंच असेल तर दाखल नोंदवहीच्या शेऱ्यात लिहा: अमुक तारखेच्या ठरावाने वेगळं ठेवलं. मी असं लिहायला लागलो तेव्हा बऱ्याच जणांचा उत्साह मावळला. आपलं नाव पुस्तक हटवणारा म्हणून कायम कागदावर राहावं, असं फारसं कोणाला वाटत नाही.

दुसरं, आमच्याकडे मी तक्रारीचा नियम करून घेतला होता. तक्रारदार सभासद हवा, त्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, पान क्रमांक द्यायचा, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच राहील. ही शेवटची अट सोडू नका. ‘निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवू’ म्हटलं की निर्णय कधीच होत नाही.

रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यात प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, ही दोन आहेत. तुमची बारावीची मुलगी आणि ते आत्मकथन, याहून चांगलं उदाहरण मी आमच्या प्रशिक्षणवर्गातही ऐकलं नाही.

दोन मुलांचा बाबा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मीही नाशिकचाच, सिडकोत राहतो आणि आमच्याकडेही असंच वाचनालय आहे. माझी मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघं एकटी जातात, हाताला येईल ते घेऊन येतात. मोठ्यांनी काय वाचावं हे मी ठरवणार नाही, पण माझ्या मुलांनी काय वाचावं यात मला शब्द नको? कार्यकारिणीतल्या लोकांना सरसकट पुस्तकांचे शत्रू ठरवू नका. आणि दुसरं, आपण म्हणतो पुस्तकावर बंदी नको, पण बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळलीच होती ना? मग विरोध करायचाच नाही का कोणी?

कोर्टनाका

दुसऱ्या मुद्द्याचं मी सांगतो. 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये जे झालं ते भर सभेत, कारण सांगून, जबाबदारी घेऊन झालं. त्यांनी कोणाच्या कपाटाला कुलूप घातलं नाही, कोणाला ते वाचू नका म्हटलं नाही. उलट मनुस्मृतीचे दाखले देत त्यांनी पुढे आयुष्यभर लिहिलं. विरोध करायलाच हवा. पुस्तकावर टीका लिहा, व्याख्यान ठेवा, माझी प्रत मला नको म्हणा. दुसऱ्याच्या हातातून प्रत काढून घेणं हे त्यात बसत नाही.

इंदिरानगरची वाचक

दोघांचे आभार. ग्रंथपाल काका, दाखल नोंदवहीची कल्पना मला सुचलीच नसती. उद्याच चारही क्रमांक काढून ठेवते.

बाबा, तुमच्यावर राग कशाला? तुमचा प्रश्न खरा आहे. बालविभाग वेगळा असावा, खालच्या फळ्या मुलांच्या, हे आम्ही आजही पाळतो. तुमच्या मुलीने काय आणलं ते तुम्ही बघा, तिच्याशी बोला, नको वाटलं तर परत करा. तो तुमच्या घराचा निर्णय. पण तो तुम्ही शेजारच्या घरासाठी घ्यायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि वयात येण्याबद्दलचं पुस्तक बारा वर्षांच्या मुलीपासून लपवायचं, तर ते वाचायचं कोणी? मी? आमच्या वेळी मला कोणी काही सांगितलं नव्हतं. शाळेत असताना घाबरून किती रडले होते, ते मी आजही विसरलेले नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक 1927 मध्ये सुरू केलं. लैंगिक प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांचं वकीलपत्र घेऊन डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. पण ज्या प्रश्नांना उत्तर दिल्याबद्दल कर्व्यांना शिक्षा झाली तेच प्रश्न आजही मुलं चोरून मोबाइलवर विचारतात आणि मिळतील ती घाण उत्तरं वाचतात. त्यापेक्षा डॉक्टरने लिहिलेलं पुस्तक फळीवर असलेलं काय वाईट?

चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कादंबरीचंही सांगते. 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात ती आली, अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये काकोडकर सुटले. त्या निकालात न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की शरीरसंबंधाचा नुसता उल्लेख म्हणून कादंबरी किशोरांसाठी अयोग्य ठरवायची, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. हा परिच्छेद मी सभेत वाचून दाखवणार आहे.

सभेत आणखी एक वाक्य आलं होतं, ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही: ‘हे तीर्थक्षेत्र आहे ताई, इथे असली पुस्तकं शोभत नाहीत.’ मी नाशिकची, माझं माहेर पंचवटीतलं. हे गोदाकाठचं शहर मला कोणी शिकवायला नको. याच शहरात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे. याच शहरातल्या बाबाराव सावरकरांना कवितांच्या लहान पुस्तिका छापल्या म्हणून 1909 मध्ये जन्मठेप झाली, अंदमानात पाठवलं. ‘लघु अभिनव भारत माला’ हे त्या पुस्तिकांचं नाव. आमच्या कार्यकारिणीतले कितीतरी जण त्यांच्या तसबिरीला हार घालतात. त्यांना मी एवढंच विचारणार आहे, की कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाच्या गावात आपण आत्मकथनाला कुलूप घालायचं का? आणि ज्या आत्मकथनाची भाषा त्यांना खटकते, ती ज्यांची भाषा आहे त्यांनी 2 मार्च 1930 पासून काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह केला होता. देवळाचं दार उघडायला किती वर्षं लागली ते आपल्याला माहीत आहे. वाचनालयाचं दार तरी त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून उघडं असावं.

शरणपूर ते डॅलस

मी मूळची शरणपूर रोडची, आता टेक्सासमध्ये. इथे शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत फार वाढलंय. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 2023 या एका वर्षात 4,240 वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप नोंदले गेल्याचं सांगितलं. पण इथे बऱ्याच ठिकाणी आक्षेपाचा छापील अर्ज असतो. संपूर्ण पुस्तक वाचलंत का? नेमका कुठला भाग खटकला? निफाडकर काकांचा नियम म्हणजे हेच की! मी आमच्या मुलांच्या शाळेत अशा अर्जाच्या समितीवर होते. तक्रारदार बाईंना पुस्तक पूर्ण वाचायला दिलं, त्यांनी ते वाचलं आणि तक्रार मागे घेतली. सगळेच घेतील असं नाही, पण तुमच्या सभेत त्या चारांपैकी कुठलं पुस्तक किती जणांनी वाचलंय, हे आधी विचारा.

दोन मुलांचा बाबा

ताई, बालविभाग वेगळा आणि बाकी फळ्या खुल्या, हे मला मान्य आहे. वहीबद्दल तर मी पूर्ण तुमच्या बाजूने. माझी बायको काय वाचते हे शेजाऱ्याने वहीत बघितलेलं मला चालणार नाही. आमच्या वाचनालयातही वही टेबलावर उघडी पडलेली असते, आता सांगतो त्यांना.

निफाडकर ग्रंथपाल

वहीसाठी एक सोपा उपाय. नावनिहाय खतावणी बंद करा. प्रत्येक पुस्तकाला कार्ड ठेवा, त्यावर फक्त सभासद क्रमांक आणि तारीख. पुस्तक परत आलं की क्रमांकावर काळी शाई फिरवा. हिशोब राहतो, कोणी काय वाचलं ते राहत नाही. सभासद क्रमांकांची यादी वेगळी, तुमच्या ताब्यात. जुन्या वह्यांचं काय करायचं तेही याच सभेत ठरवून घ्या, नाहीतर नवीन कार्डं करून उपयोग नाही.

इंदिरानगरची वाचक

काका, कार्डांचं उद्यापासूनच सुरू करते, जुनी पाठकोरी पत्रिकांची कार्डं घरात पडून आहेत.

सभेपुढे ठेवायचा मसुदा असा केलाय, बघा आणि सुधारा: ‘कोणत्याही पुस्तकावरची तक्रार सभासदाने लेखी, पान क्रमांकासह आणि पुस्तक पूर्ण वाचून करावी. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहील. निर्णय कारणांसह इतिवृत्तात आणि दाखल नोंदवहीत लिहिला जाईल. कोणी काय वाचलं याची माहिती देवघेव बघणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणालाही दिली जाणार नाही. बालविभाग वेगळा राहील.’

वकीलदादा, ‘कोणालाही’ मध्ये पोलीस आले तर काय, ते एका वाक्यात कसं घालायचं ते सांगा. सभा रविवारी संध्याकाळी आहे. शनिवारपर्यंत मसुद्याच्या प्रती काढून घरोघर द्यायच्या आहेत, आणि त्याआधी ती चार पुस्तकं कार्यकारिणीतल्या एकेकाच्या हातात वाचायला द्यायची आहेत. आत्मकथन चिटणीसांनी स्वतःहून मागून नेलं, आज दुपारीच.